सल्ला हवा: नववी-दहावीला 'बहुविध बुद्धिमत्ता' प्रत्यक्ष वर्गात कशी आणायची? (वडोदरा)

दांडियाबझारची_टीचर:
नमस्कार मंडळी, मी इथे वडोदऱ्यात इंग्लिश मीडियमला नववी-दहावीचं सायन्स आणि मॅथ्स शिकवते, गुजरात बोर्ड. वर्गात साठेक मुलं, घरी गुजराती बोलणारी जास्त, आपली मराठी बरीच, आणि आईवडील मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कामाला आले म्हणून इथे आलेली हिंदी, भोजपुरी, ओडिया बोलणारीही. पुस्तक मात्र सगळ्यांना इंग्लिशच. मध्यंतरी शाळेत मल्टिपल इंटेलिजन्सवर ट्रेनिंग झालं आणि आता सांगितलंय की प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याची बुद्धिमत्ता लिहा, हा म्युझिकल, ही लॉजिकल, आणि तसे ग्रुप पाडून शिकवा. वर बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगणारी एक टेस्ट निघालीये, पालक विचारतायत करून घेऊ का. मुलं वेगवेगळी असतात हे मला रोज दिसतं आणि त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय हे नक्की, पण पस्तीस मिनिटांच्या पिरियडमधे आठ प्रकारचे धडे कसे घ्यायचे? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

कमाटीबाग_७७:
ताई, आधी ठशांचं. पालकांना स्पष्ट सांगा, पैसे घालवू नका. त्या रेघा आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यावरून मुलाला गणित जमेल की गाणं हे कळतं याला काहीही शास्त्रीय आधार नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात 'तुझं लॉजिक कमी' असा छापील रिपोर्ट देणं मला तर क्रूर वाटतं.

दुसरं, ही मल्टिपल इंटेलिजन्सची थिअरी मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची, त्यांनी १९८३ मधे सात बुद्धिमत्ता मांडल्या, भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, संगीत, शारीरिक, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची, निसर्गाची पुढे जोडली. पण प्रत्येक माणसात या सगळ्याच कमीजास्त असतात असं त्यांचं म्हणणं, एका मुलाला एक चिकटवायची असं नाही. आपली थिअरी म्हणजे 'लर्निंग स्टाइल' नव्हे हेही त्यांनी स्वतः लिहिलंय. आणि 'हा बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' असं ठरवून तसंच शिकवल्याने जास्त समजतं याला पुरेसा पुरावा नाही, २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासून हाच निष्कर्ष काढला. बरेच मानसशास्त्रज्ञ गार्डनरांची थिअरीसुद्धा मानत नाहीत, कारण या क्षमता मोजल्या तर एकमेकींशी बऱ्यापैकी जोडलेल्या निघतात. त्यामुळे रजिस्टरमधे नावापुढे काही लिहू नका असं माझं ठाम मत.

निवृत्त_गणितवाले_काका:
वरच्यांशी सहमत. मुलांचे प्रकार पाडू नयेत, मुद्द्याकडे जायच्या वाटा वाढवाव्यात आणि त्या सगळ्या वाटा सगळ्या मुलांना दाखवाव्यात.

दहावीच्या त्रिकोणमितीत पतंगाचं गणित आहे ना, पतंग ६० मीटर उंच, दोरीचा जमिनीशी कोन ६० अंश, दोरीत झोल नाही असं धरून लांबी काढा. उत्तर ४०√३, म्हणजे साधारण ६९ मीटर. उत्तरायणाच्या आठवड्यात हे घेतलं की मागच्या बाकावरचा गणितात कच्चा मुलगा हमखास उठतो आणि म्हणतो सर असं नसतंच, ढील दिली की दोरी पोटात लोंबते. त्याला लगेच फळ्याजवळ बोलवायचं आणि ती लोंबणारी दोरी काढायला लावायची. मग वर्गाला विचारायचं, ६९ मीटर दोरी सोडलीये, कोनही तोच, पण दोरी अशी लोंबतेय, तर पतंग ६० मीटरवर असेल का? खाली असेल, कारण हातापासून पतंगापर्यंतचं सरळ अंतर दोरीपेक्षा कमी पडतं. 'झोल नाही असं धरा' हे पुस्तकात का लिहिलंय ते हुशार मुलांनाही तिथे पहिल्यांदा कळतं. म्हणजे त्या मुलाला जे येतं त्याचा उपयोग अख्ख्या वर्गाला झाला, त्याला वेगळ्या ग्रुपमधे बसवून पतंग करायला दिला असता तर काय मिळालं असतं?

आणि भाषेचं सोपं आहे. प्रश्न दिला की पहिली दोन मिनिटं शेजाऱ्याशी घरच्या भाषेत बोलू द्यायचं, गुजराती, मराठी, हिंदी, काहीही, मग उत्तर इंग्लिशमधे. गप्प बसणारी निम्मी मुलं बोलायला लागतात.

स्पेशल_एज्युकेटर_आई:
माझा एकच मुद्दा आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 'याची बुद्धिमत्ता शारीरिक आहे, वाचन त्याचा प्रांत नाही' असं म्हणत म्हणत डिस्लेक्सिया असलेलं मूल दहावीपर्यंत तसंच पुढे ढकललं जातं. तोंडी सगळं येतं, चित्रं सुंदर काढतं, पण फळ्यावरून उतरवताना ओळी गाळतं, अशा मुलाची नीट तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी) आहे. सर्टिफिकेट असेल तर सीबीएसई ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त देतं. तुमचं बोर्ड वेगळं, त्यामुळे तिथले नियम नववीतच ऑफिसमधून लेखी काढून घ्या, दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ नको.

फतेगंज_पालक:
सगळं पटतंय, पण बोर्डाचा पेपर सगळ्यांना एकच येतो ना? तबला वाजवून मार्क मिळत नाहीत हो.

मांडवीची_मुग्धा:
दादा, म्हणूनच शेवट सगळ्यांचा एकच ठेवायचा. मी नववीला साउंडचा धडा तबल्यानेच घेते. वर्गात कोणीतरी वाजवणारं असतंच, त्याला आधी हलकं आणि मग जोरात मारायला सांगायचं, पुडीवर (वरच्या कातड्यावर) चार मोहरीचे दाणे ठेवायचे, जोरात मारलं की दाणे जास्त उडतात पण सूर तोच राहतो, म्हणजे अँप्लिट्यूड (लाटेची उंची) वाढला, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती कंपनं) नाही. मग वादीखालचे (चामड्याच्या पट्ट्यांखालचे) गट्टे, म्हणजे लाकडी ठोकळे, हातोडीने खाली ठोकायचे, पुडी ताणली जाते, सूर चढतो, आता फ्रिक्वेन्सी बदलली. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्यातल्या ऑडिओ स्कोपमधे लाट मोबाईलवर दिसते. आणि शेवटची दहा मिनिटं सगळ्यांनी, वाजवणाऱ्यानेसुद्धा, वहीत दोन्ही वेळच्या लाटा काढून नावं द्यायची आणि दोन वाक्यं लिहायची. बोर्डात हेच विचारतात. गाणं म्हणत व्याख्या पाठ करून घेणं मला मात्र अजिबात आवडत नाही, त्याने ध्वनी समजत नाही, फक्त चाल लक्षात राहते.

दांडियाबझारची_टीचर:
सगळ्यांचे खूप आभार, मुग्धाताई हे मी साउंडला नक्की करणार. काका, भाषेचं तर उद्याच. प्रिन्सिपल मॅडमना म्हणणार आहे की नावापुढची यादी नको, त्याऐवजी प्रत्येक धड्याला दोन-तीन वाटा कुठल्या ते आम्ही टीचर मिळून लिहितो. असं तयार मटेरियल मराठी-गुजरातीत कुठे मिळेल का?

कमाटीबाग_७७:
अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी बघा, नेटवर फुकट आहेत, व्हिडिओ बऱ्याच भारतीय भाषांत आहेत, मराठीतही. आणि युनिव्हर्सिटीच्या एज्युकेशन अँड सायकॉलॉजी फॅकल्टीत जाऊन बोला, बीएडची मुलं प्रॅक्टिस टीचिंगसाठी शाळा शोधतच असतात, साठ मुलांत दोन हात जास्त मिळाले तर फार फरक पडतो.

मांडवीची_मुग्धा:
आणि ताई, हातोडी फक्त वाजवणाऱ्याच्याच हातात द्या, पुडीवर बसली तर फाटते. बाकीच्यांना दाणे ठेवायला सांगा.