मदत हवी आहे: कडक बर्फावर स्नोमोबाईल तापते

पाचपाखाडीकर:
ठाण्यात माझं दुचाकींचं गॅरेज आहे, म्हणून नात्यातली इंजिनाची प्रत्येक तक्रार माझ्याकडेच येते. आता तर थेट कॅनडाहून आलीय. धाकटा भाऊ ओंटारियोत, सडबरीला असतो. त्याने जुनी स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी घेतली, टू-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड. भुसभुशीत ताज्या बर्फात झकास पळते. पण यंत्राने दाबून सपाट केलेल्या ट्रेलवर किंवा गोठलेल्या तलावावर नेली की थोड्याच वेळात तापल्याचा लाल दिवा. बाहेर उणे पंधरा आणि इंजिन तापतंय!

मे महिन्यात गायमुखच्या चढाला ट्रॅफिकमध्ये बाईक तापली तर मी आधी फॅन बघतो. इथे बॉनेट उघडून व्हिडिओ कॉलवर शोधलं, तर फॅनही नाही आणि रेडिएटरही नाही.

कूलंटची पातळी ठीक आहे, गळती नाही, एअर काढून झाली. भाऊ थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलायला निघालाय, मीच थांबवलंय. कारण मऊ बर्फात शिरला की दिवा आपोआप विझतो. पंप किंवा थर्मोस्टॅट गेला असता तर तिथेही तापली नसती का? शिवाय कडक बर्फावर प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो म्हणतो. कोणी चालवली असेल तर सांगा. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे जातोय, आणि बायकोला मागे बसून फिरायचंय.

तलावपाळी_गोळेवाला:
ठाण्यात बर्फ फक्त गोळ्यावर बघितलाय दादा. तरी धागा वाचतोय.

खारघर_रिटर्न:
मिनेसोटात असताना बरीच वर्षं चालवली. थर्मोस्टॅट राहू द्या, तुमचा तर्क बरोबर आहे.

रेडिएटर आहे, फक्त तुम्ही शोधताय तिथे नाही. सीटखाली, ट्रॅकच्या (गाडीला पुढे ढकलणारा, खाली फिरणारा रबरी पट्टा) वर जो अॅल्युमिनियमचा बोगदा असतो, त्याला आतून हीट एक्स्चेंजर बसवलेले असतात. कूलंट त्यांतून फिरतं. ट्रॅक फिरताना बर्फ उडवतो, तो एक्स्चेंजरवर आपटून वितळतो आणि उष्णता घेऊन जातो. एक किलो बर्फ वितळायला साधारण ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे थंड करण्याचं काम मुख्यतः बर्फाचं, हवेचं नाही. ट्रेल काचेसारखा कडक झाला की ट्रॅकला उडवायला काही मिळत नाही. मग उणे पंधरा काय नि उणे तीस काय.

वासही त्यातलाच. ट्रॅक ज्या दोन रेल्सवर सरकतो त्यांना खाली प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, हायफॅक्स म्हणतात. त्यांना ओलावा मिळतो तो बर्फाचाच. कोरड्या पडल्या की ट्रॅकच्या लोखंडी क्लिपांवर घासून वितळायला लागतात. पट्ट्या किती उरल्यात बघा. ट्रॅक जास्त ताणलेला असेल तर घर्षण आणखी वाढतं, ताण मॅन्युअलप्रमाणे ठेवा.

उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर. रेल्सच्या दोन्ही बाजूंना बसवायच्या, टोकदार पातं असलेल्या स्प्रिंगच्या काड्या. त्या बर्फ खरवडतात आणि भुगा ट्रॅकमध्ये जातो. माझ्या मते ट्रेलवर चालणाऱ्या प्रत्येक लिक्विड-कूल्ड गाडीला हे हवेतच. मऊ बर्फात वर अडकवून ठेवायचे.

ऐरोली_टूरर:
बाईकचा छोटा रेडिएटर फॅनसकट लावला तर? जुगाड जमेल.

खारघर_रिटर्न:
जमतो, तयार किटही मिळतात, काही फोर-स्ट्रोक मॉडेलांना तर कंपनीच रेडिएटर देते. पण पट्ट्या कोरड्याच राहतील ना! स्क्रॅचरने दोन्ही कामं होतात, आणि खर्चही कमी. फॅन-कूल्ड इंजिनवाल्यांनाही पट्ट्यांसाठी ते लावावे लागतात.

पाचपाखाडीकर:
बोगद्यातला रेडिएटर! भावाला आत्ताच फोन केला, खालून हात घालून बघतोय. स्क्रॅचर लावून रिव्हर्स घेतली तर काड्या अडकणार नाहीत का? आणि रस्त्यातच दिवा लागला तर काय?

खारघर_रिटर्न:
कडक काडीवाले अडकतात, वाकतात, कधी तुटतात. रिव्हर्सच्या आधी उतरून वर करायचे. नवशिके हमखास विसरतात. त्यापेक्षा वायर-रोपचे, म्हणजे लवचिक तारदोराचे घ्या, ते मागे जाताना लवतात. डांबरी रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही प्रकार उचला, नाहीतर टोकं झिजतात.

दिवा लागला तर ट्रेलच्या उजव्या कडेला साठलेल्या मऊ बर्फातून थोडं चालवा. तसा बर्फ नसेल तर थांबा आणि इंजिन बंद करा. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवलं तर कूलंट फिरेल, पण बर्फ उडणार नाही, म्हणजे आणखी तापेल. हातांनी बर्फ उचलून बोगद्यावर आणि पायदानांवर थापा. कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे गॅरेजवाल्याला सांगायला नको.

कडेला म्हणजे कडेलाच हं. ओंटारियोत कित्येक ट्रेल खाजगी जमिनींतून, मालकांच्या परवानगीवर जातात. ट्रेल सोडून शेतात घुसलात तर एकाच्या हौसेपायी सगळ्यांचा रस्ता बंद व्हायचा.

शिवाय ग्रूमर, म्हणजे ट्रेल दाबून सपाट करणारं यंत्र, बहुधा रात्री फिरतो, आणि दिवसा उन्हाने सुटलेला बर्फही रात्रीत गोठतो. त्यामुळे मार्चमध्ये सकाळी ट्रेल सगळ्यात कडक. त्या वेळी वहिनींना मागे बसवून तलाव ओलांडू नका, दोघांच्या वजनाने इंजिनावर ताण वाढतो.

कळवा_मेकॅनिक:
एक शंका. अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट मऊ बर्फात निभावून नेईल आणि कडक बर्फावरच उघडा पडेल, असंही होऊ शकतं. स्क्रॅचर लावूनही दिवा लागला तर काढून गरम पाण्यात टाकून बघा, पूर्ण उघडतो का. कूलंट अर्धं-अर्धं मिसळलंय ना? ग्लायकॉलचं तसं मिश्रण उणे ३७च्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी वाढवलं असेल तर उभ्या गाडीतच घोटाळा होईल.

पाचपाखाडीकर:
मिश्रण अर्धं-अर्धं आहे, विचारून घेतलं. एक्स्चेंजर सापडले. डाव्या बाजूची पट्टी पुढच्या वळणापाशी पार पातळ झालीय, ती बदलणार. वायर-रोपवाले स्क्रॅचर घ्यायचं ठरलं. फक्त एवढं सांगा, रेलला भोक पाडावं लागतं की आधीच्या बोल्टवर बसणारे मिळतात? भाऊ शनिवारी दुकानात जाणार आहे.