नवं यंत्र आलं तेव्हा तुमच्या कामाचं काय झालं?

काम गेलं की टिकलं, एवढंच नको. आधी घाण कुठे जायची आणि आता कुठे जाते, तेही लिहा. सुरुवात मीच करतो.

२१ वर्षं डार्करूममध्ये काढली. बोटांना हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास कायमचा. वापरलेल्या हायपोत फिल्मची चांदी उतरते. ती काढून घेणारे यायचे. नाही आले की डबा मोरीत रिकामा. (तेव्हा काही वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू.) पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसननं बनवला आणि २०१२मध्ये कोडॅकनंच दिवाळखोरी मागितली. आम्ही त्याआधीच घरी बसलो होतो. मोरी मात्र स्वच्छ झाली.

*

मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचो. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा खिळा. झिजला की वितळवून पुन्हा ओतायचा. छापखान्यातून धातू कचऱ्यात गेलेला मला आठवत नाही. १९८५ला पेजमेकर, म्हणजे संगणकावर पानं लावायचं सॉफ्टवेअर, आलं, आमच्यापर्यंत पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर टायपिंग शिकलो म्हणून तरलो. शेजारच्या केसवरचा (खिळ्यांच्या खणांच्या पेटीवरचा) म्हणाला, "उलटी अक्षरं सरळ वाचता येतात, हे आता कुणाला दाखवू?" त्या खिळ्यांनी दोन पिढ्या काढल्या. माझा आत्ताचा संगणक चौथा.

*

मोबाइल दुरुस्त करते. पूर्वी बॅटरी नखानं निघायची, आता चिकटवलेली असते. गरम करून, जपून उचकटावी लागते. गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या, नवाच घेतो. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातल्या पाव हिश्शाचाही रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद नाही. युरोपात फेब्रुवारी २०२७पासून बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता यावी, असा नियम लागू होतोय. माझ्या धंद्याला तो मारक की तारक, अजून ठरत नाही.

*

गॅरेज आहे. विजेच्या गाडीला ऑइल नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही. जळक्या ऑइलचे डबे कमी झाले, तसा एक पोरगाही.

*

भाषांतर करायचे. आता यंत्रानं केलेलं तपासते, निम्म्या दरात. कागदाची बचत झाली म्हणतात; सर्व्हर थंड ठेवायला किती पाणी लागतं, ते मला कुणी सांगत नाही.

*

खिळेवाले काका, शिशासाठी कधी रक्त तपासलं होतं का?

*

नाही हो. हात धुऊन जेवा, एवढंच सांगायचे.