मदत हवी आहे: डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. म्हणजे काय समजायचं?

शाहूपुरीकर: आईला ताप आहे, अंग ठणकतंय, थोडा खोकला. रिपोर्ट वर लिहिलाय तसा. डेंग्यू आहे का नाही? डॉक्टर संध्याकाळी सातला भेटणार. लॅबवाले म्हणतात फंगलची अँटीबॉडी पण करून घ्या. करू का? लवकर सांगा.

गंगावेस: ताप कधीपासून? रक्त कधी दिलं? एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी टेस्ट) केली का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

करवीर_शेती: पपईच्या पानांचा रस सुरू करा. आमच्यात सगळ्यांच्या पेशी (प्लेटलेट) वाढल्या.

सूक्ष्मदर्शी: डेंग्यूत पेशी ताप उतरल्यावर आपोआप चढतात, दादा. श्रेय रसाला जातं.

करवीर_शेती: अनुभव आहे म्हणून सांगतोय. पुस्तकातलं नाही.

शाहूपुरीकर: ताप मंगळवारी रात्री आला, रक्त गुरुवारी सकाळी दिलं. एनएस१ केली नाही. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'रॅपिड कार्ड' लिहिलंय. २०१९ ला पुरानंतर आईला डेंग्यू झाला होता, त्याचा काही संबंध?

सूक्ष्मदर्शी: तोच तर मुद्दा! आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची अँटीबॉडी, साधारण तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसते, त्यामुळे गुरुवारच्या निगेटिव्हवर जाऊ नका. आयजीजी जुन्या डेंग्यूची असू शकते, ती वर्षानुवर्षं राहते. पण दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर आयजीजीच आधी झपाट्यानं चढते, आयजीएम कधी कधी दिसतही नाही. आजच एनएस१ एलायझा (रॅपिड कार्डऐवजी लॅबमधल्या यंत्रावरची) आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. एनएस१ निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका, दुसऱ्या वेळी तीही चुकते. तापाला फक्त पॅरासिटामॉल, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन नको. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर सातची वाट बघू नका. ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं.

फुलेवाडी: सीपीआरला, आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, विचारा. फक्त गाडी नेऊ नका, दसरा चौकात लावायला जागा मिळत नाही.

गंगावेस: फंगलची करूनच घ्या. करोनात काळी बुरशी किती जणांना झाली!

सूक्ष्मदर्शी: काळी बुरशी (म्युकर) रक्तातल्या अँटीबॉडीवर ठरवत नाहीत, तुकडा काढून तपासतात. अ‍ॅस्परजिलस या बुरशीची आयजीजी महिनोन्‌महिने खोकला, जुना टीबी, फुप्फुसात पोकळी अशांना सांगतात. चार दिवसांच्या तापाला कशाला?

रंकाळा_वॉक: मला मांडीला गजकर्ण आहे. रक्ताची कुठली टेस्ट करू?

सूक्ष्मदर्शी: रक्ताची कुठलीच नाही. कातडी खरवडून केओएच (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघायची टेस्ट) करतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमधली स्टेरॉइडवाली ट्यूब लावू नका.

शाहूपुरीकर: फंगलची नको म्हणून सांगितलं. एनएस१ला रक्त दिलं. आई आत्ताच म्हणाली पोटात दुखतंय. डॉक्टरांना फोन लावला, लगेच बोलावलंय. निघतोय.