आधी सही, मग जग? प्रौढशिक्षणातील शाश्वत विकासाविषयी

वरुडची सून:
मागच्या आठवड्यात या मंचावर एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले की, ‘उल्लास’ या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गांत शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व आणणे ही युनेस्कोची हौस आहे, साठीच्या अंगठेबहाद्दर बाईला आधी सही येऊ द्या, जगाचे मग पाहू. त्यावर पडलेल्या टाळ्या पाहून राहवले नाही.

सही येत नाही म्हणून त्या बाईचा जगाशी संबंध नाही, हे कोणी ठरवले? वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचा भाव बांगलादेशाच्या आयात शुल्कावर हलतो, आणि आपल्या बोअरला पाणी राहील की नाही हे शेजाऱ्याने किती खोल खणले यावर ठरते. माझ्या सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. परंतु शुल्क वाढले त्या हंगामात व्यापारी बागेकडे फिरकला नाही, तेव्हा ‘त्या देशाने असे का केले?’ हा प्रश्न घरात प्रथम त्यांनीच विचारला, आणि आम्हा पदवीधरांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांमधील ४.६ हे साक्षरतेचे लक्ष्य आणि ४.७ हे शाश्वत विकास व जागतिक नागरिकत्व या विषयांचे लक्ष्य २०१५ साली एकत्रच स्वीकारले गेले. आपण पहिले प्रौढांना दिले आणि दुसरे शाळकरी मुलांच्या घोषवाक्य स्पर्धांना.

निवृत्त विस्तार अधिकारी:
ती नोंद माझीच. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द खटकला असेल तर मागे घेतो, मुद्दा घेत नाही. ‘उल्लास’ची चाचणी १५० गुणांची आहे: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. जे चाचणीत नाही ते वर्गात टिकत नाही. १९७८च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमातही साक्षरतेच्या जोडीला जाणीवजागृती होतीच. माझ्या तालुक्यात तिचे रूपांतर पाहुण्यांच्या भाषणांत झाले आणि हजेरीपट मात्र चोख भरले गेले. शिवाय ज्यांच्या घरी दुचाकीही नाही त्यांना कार्बन उत्सर्जनाचा धडा देण्यात मला कोणताही न्याय दिसत नाही.

खडू-फळा:
हा सगळा भार कोणाच्या डोक्यावर येणार, ते आधी सांगा. २०२३ साली निरक्षरांचे सर्वेक्षण आमच्या गळ्यात मारले गेले, तेव्हा शिक्षक संघटनांनी बहिष्कार घातला. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे लावू देत नाही; जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद सांगते. उद्या ‘जागतिक नागरिक’ मोजायलाही आम्हालाच दारोदार पाठवाल.

माजी प्रेरक:
बाई, निरक्षरांना शोधणे हे शैक्षणिक काम नसेल तर शैक्षणिक काम कशाला म्हणायचे? ‘साक्षर भारत’ या आधीच्या साक्षरता योजनेत आम्ही प्रेरकांनी महिना २००० रुपयांवर लोकशिक्षण केंद्र चालवले, तेही मानधन महिनोन्महिने थकलेले असताना, आणि २०१८च्या मार्चमध्ये योजनाच संपली. आता तर सगळे स्वयंसेवेवर आहे. पूर्ण पगार घेणाऱ्यांनी कलमे दाखवावीत, याचे नवल वाटते.

खडू-फळा:
पगार काढणे हा वादात हरलेल्याचा नेहमीचा मार्ग आहे. माझ्या दोनशिक्षकी शाळेत सहकारी सर्वेक्षणाला गेले की चार वर्ग एकटीच्या अंगावर पडतात. त्या दिवशी त्या मुलांचे शिक्षण कोण करते, याचे उत्तर द्या आणि मग कायदा शिकवा. तुमचे मानधन आम्ही अडवले नव्हते.

माजी प्रेरक:
अडवले नव्हते, हे खरे. आमच्यासाठी कोणी बहिष्कार घातला नाही, हेही तितकेच खरे.

धानोरा तालुका:
दोघांचेही दुःख खरे आहे, परंतु धागा वेगळा होता. आमच्या तालुक्यातील (जिल्हा गडचिरोली) मेंढा (लेखा) या गावात अभ्यासगट बसतो. जंगल, बांबू, कायदा, जो प्रश्न समोर असेल त्यावर बाहेरच्या जाणकाराला बोलावून चर्चा होते आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. वनहक्क कायदा समजून घेण्यासाठी तेथे आधी सगळ्यांची प्रवेशिका, म्हणजे साक्षरतेचे पहिले पुस्तक, पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही.

निवृत्त विस्तार अधिकारी:
मेंढा आणि हिवरे बाजार! या दोन गावांनी महाराष्ट्रातील किती चर्चा तारून नेल्या असतील. पण तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे: तो अभ्यासगट कोणत्याही सरकारी अभ्यासक्रमाने निर्माण केलेला नाही. वरून धडा आला असता तर तोही हजेरीपटातच संपला असता.

वरुडची सून:
मग आपला विरोध विषयाला नसून धड्याला आहे, असे आधीच लिहिले असते तर एवढी चर्चा टळली असती. मीही धडा मागत नाही. संख्याज्ञानाच्या तासाला काल्पनिक आंब्यांऐवजी गावचा पाऊस आणि विहिरींची पातळी घ्या. हिवरे बाजारात पाण्याचा ताळेबंद मांडतात तसा, कोणते पीक परवडेल याचा हिशेब त्याच बायकांना करू द्या.

निवृत्त विस्तार अधिकारी:
बेरीज-वजाबाकीत पाऊस आणायला माझी हरकत नाही. चाचणीचे ५० गुण तरी सुटतील. जागतिक नागरिकत्वाला मात्र अजूनही आहे.

खडू-फळा:
आणि विहिरींची पातळी मोजायला कोण जाणार?