कळंबोलीच्या भंगारात किरणोत्सर्गी तुकडा आला, तर भुर्दंड कुणाला?

खाडीपल्याड: अणुकचरा म्हटलं की सगळे तारापूरकडे बोट दाखवतात. खरा उघड्यावर आहे तो कळंबोली-तळोज्यात भंगारावर गॅस कटर चालवणारा. वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासणाऱ्या रेडिओग्राफरच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला असतो, वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची (हे मात्रेचं एकक) मर्यादा असते. कटरवाल्याला काय? 2010 साली दिल्लीत मायापुरीला विद्यापीठाचा गॅमा सेल (प्रयोगासाठी गॅमा किरणांचा मारा करणारं यंत्र) लिलावातून भंगारात आला. किरण अडवणारं शिसं सोललं, आतलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 कापलं, एक मजूर दगावला. यंत्र 1985 पासून पडून होतं. कोबाल्टचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 5.27 वर्षं, म्हणजे तेव्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढंच उरलं होतं, तेवढंही पुरलं. प्रत्येक यार्डाच्या वजनकाट्यावर किरणोत्सर्ग पकडणारा डिटेक्टर सक्तीचा करा, खर्च मालकाचा.

काटेवाला: सक्ती चुकीच्या दारात. शिशाचा डबा शाबूत असेल तर गॅमा किरण बाहेर येतातच किती? गाडी बिनबोभाट आत, आणि शिसं किलोवर विकलं जातं म्हणून डबा फुटणार आतच. उलट भट्टीच्या विटा, पोटॅश खत, थायरॉईडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेला ड्रायव्हर, यांच्यातल्या थोड्याशा किरणोत्सर्गालाही भोंगा वाजणार. महिन्याभरात कुणीतरी वायर उपटेल. किरणोत्सर्गी स्रोत विकत घेतानाच परत पाठवण्याची अनामत परवानाधारकाकडून घ्या. स्रोत पुरवणारी सरकारी संस्था ब्रिट तर वाशीतच आहे, आपल्याकडे अंतराचीही सबब नाही.

खाडीपल्याड: अनामत मान्य. पण 1985 च्या यंत्राची आता कोण भरणार? मालक विसरलेलेच स्रोत भंगारात येतात. आणि डबा आत फुटला तर तुकडे बाहेर जाणाऱ्या गाडीत सापडतील. काटा दोन्हीकडचं वजन करतो ना?

भट्टी_तीन: दोघंही यार्डातच अडकलात. वितळल्यावर कोबाल्ट पोलादात राहतं, पण तसंच किरणोत्सर्गी सीझियम-137 वाफ होऊन धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या धुळीत उतरतं. सळई बऱ्यापैकी स्वच्छ निघते, आणि पिशव्या झटकणारा कंत्राटी माणूस त्या धुळीत उभा. 2008 साली लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 निघालं. पोलाद भारतातलं, बटणं जुळवली फ्रान्समध्ये! डिटेक्टर भट्टीच्या फाटकावर बसवा, धूळही मोजा, कारखान्याला परवडतं. यार्डाला हातातला मीटर आणि किरणोत्सर्गाच्या तीन पाकळ्यांच्या चिन्हाचा फलक पुरे, खाली हिंदीत ‘मत काटो’. आकाराच्या मानाने फार जड डबा दिसला की कटर बंद, माणसं लांब. 1 मीटरवरून 10 मीटरवर गेलं की मात्रा शंभरावा हिस्सा.

काटेवाला: मीटर चालेल. त्याचे सेल कोण बदलणार आणि वर्षाचं कॅलिब्रेशन (मीटर बरोबर दाखवतो का याची तपासणी) कोण करून आणणार, तेवढं आधी ठरवा.