मदत हवी आहे: सायकलने फोंडा घाट चढायला 11-30 कॅसेट (मागच्या चाकाचे 11 ते 30 दातांचे चक्के) पुरेल का?

डिसेंबरमध्ये कणकवलीहून फोंडा घाट चढून, दाजीपूरच्या जंगलातून राधानगरीमार्गे कोल्हापूर एका दिवसात करायचं आहे. गवे पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, म्हणून चांगलं उजाडल्यावरच घाटाला लागणार.

रोड बाईक आहे, रिम ब्रेकची. पुढे 50/34 दातांचे चक्के, मागे 11-28, गिअर शिमानो 105 आर7000, मागचा डिरेलर (चेन एका चक्क्यावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) शॉर्ट केज, म्हणजे आखूड. माझं वजन 78 किलो, शिवाय चार किलोची बॅग. टायर 28 मिलिमीटरचे.

गेल्या महिन्यात पसरणी घाट बॅगेशिवाय चढलो. शेवटच्या वळणांवर कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) 50 च्या खाली गेला, चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्क्यावरच राहिली, त्याहून हलका गिअर नव्हता आणि डावा गुडघा पुढून दुखायला लागला. सीट पाच मिलिमीटर वर घेतली, दुखणं निम्म्यावर आलं. पूर्ण गेलं नाही. उभं राहून पेडल मारलं की श्वास पुरत नाही.

या डिरेलरला जास्तीत जास्त 30 दातांचा चक्का चालतो, म्हणजे गिअर जेमतेम सात टक्के हलका होईल. 34 साठी लाँग केज डिरेलर आणि लांब चेनही घ्यावी लागेल. तेवढा खर्च गरज असेल तरच करायचा आहे.

सामान लादून फोंडा घाट चढलेल्यांनी सांगा: 11-30 वर बसून चढता येतो, की 34 लागतोच?