आईचा विसराळूपणा: डिमेन्शिया, नैराश्य की नुसतं वय? (मदत हवी आहे)

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. गोष्ट घरचीच आहे, पण घरात प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं आहे, म्हणून इथे विचारतेय.

आई ६८ वर्षांची. आयुष्यभर गणित शिकवलं. बाबांना जाऊन दहा महिने झाले. पहिले काही महिने खरं तर तीच आम्हाला सावरत होती. साधारण चार महिन्यांपासून मात्र काहीतरी बिनसलंय. चष्मा, किल्ल्या सोडून द्या, त्या माझ्याही हरवतात. पण तिने विजेचं बिल दोनदा भरलं. परवा अर्ध्या तासात तीनदा विचारलं, "आज वार कुठला?" फोन समोर वाजत असतो, उचलत नाही.

सगळ्यात जास्त धसका मी विणकामाचा घेतलाय. चाळीस वर्षं तिच्या हातात सुया आहेत. गप्पा मारता मारता टाके मोजायची आणि कधी चुकायची नाही. आता नातवाच्या स्वेटरची एकच बाही महिनाभरात तीनदा उसवून झाली. दोन सुलट, दोन उलट, इतकी साधी वीण. मी मुद्दाम शेजारी बसून पाहिलं. दहा-बारा टाके होतात, थांबते, बोटाने मागे मोजत जाते, मग सुई तशीच धरून खिडकीकडे बघत राहते. "जमत नाही गं आता. डोकं गेलंय माझं." की गुंडाळून पिशवीत.

पहाटे साडेतीनलाच जागी होते. जेवण कमी झालंय, ब्लाउज ढगळ व्हायला लागलेत. आंघोळीची आठवण करावी लागते. खोदून विचारलं की "काही नाही, आता माझं काय काम उरलंय," पण हे ती बाबा गेल्यापासून म्हणतेच आहे.

भाऊ लांब असतो. फोनवर पाच मिनिटं बोलतो आणि मला म्हणतो, छान तर बोलते! पाच मिनिटं ती छानच बोलते हो. मावशीच्या मते हा अल्झायमरच, दुसरं काय असणार. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वय झालं, चालायचंच.

आणि मी एक आगाऊपणा केला. स्मरणशक्तीची ३० गुणांची एक चाचणी शोधून घरीच घेतली. २१ गुण पडले. त्यात घड्याळ काढायचं होतं. वर्तुळ सुरेख, आकडे जागच्या जागी. अकरा वाजून दहा मिनिटं दाखव म्हटलं तर पेन्सिल खाली ठेवली. "काटे तू काढ. आता माझी परीक्षा घेणार का तू?" आणि रडायलाच लागली. त्या दिवसापासून स्वतःचाच राग येतोय.

तर, हे काय असू शकतं? आधी कुणाकडे जायचं, न्यूरॉलॉजिस्ट की मानसोपचारतज्ज्ञ? आणि तिला न दुखावता न्यायचं कसं?

चांदणवेल: त्यांना सुडोकू द्या आणि सकाळी प्राणायाम. माझ्या सासूबाईंना खूप फरक पडला.

धागाकर्ती: ताई, जिला वार आठवत नाही तिच्यापुढे सुडोकू ठेवायचं धाडस आता माझ्यात नाही. एक परीक्षा घेऊन झाली.

काठावरचा: अनुभव सांगतो. आमच्या वडिलांना दोन दिवसांत भ्रम झाला. सकाळी ओळखत होते, संध्याकाळी मलाच "तुम्ही कोण?" म्हणाले, रात्री भिंतीवर माणसं दिसायला लागली. आम्ही डिमेन्शिया धरून बसलो, निघाला लघवीचा संसर्ग. त्याला डिलिरियम म्हणतात. असं अचानक झालं, दिवसभरात वरखाली होत राहिलं, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुमच्याकडे हळूहळू आलंय, तेव्हा हे नसावं, पण लक्षात असू द्या. आणि अलीकडे डोक्यावर पडल्या आहेत का? म्हातारपणी किरकोळ माराने मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठू शकतं आणि परिणाम काही आठवड्यांनी दिसतो.

निवांत७१: मी वृद्धांच्या मानसोपचार विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. निदान इथून होत नाही, पण तुम्ही जे टिपलंय त्यावर बोलता येईल.

नैराश्यातही स्मरणशक्ती मार खाते, आणि उतारवयात इतकी की घरचे डिमेन्शियाच समजतात. तुम्ही "चार महिन्यांपासून" असं बोट ठेवून सांगू शकता. डिमेन्शियात नेमकं कधी सुरू झालं हे घरच्यांना सहसा सांगता येत नाही. तुमची आई स्वतः तक्रार करते, "डोकं गेलंय." अल्झायमरमध्ये बऱ्याचदा उलटं असतं. घरचे हैराण आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही, किल्ल्या तुम्हीच लपवल्या. उत्तरं कशी येतात तेही बघा. खचलेला माणूस प्रयत्न सोडतो, "माहीत नाही, जमत नाही" म्हणतो. डिमेन्शियातला माणूस प्रयत्न करतो, चुकीचं उत्तर देतो, वर सारवासारव करतो. काटे काढायच्या आधीच पेन्सिल खाली ठेवणं मला पहिल्या बाजूचं वाटतं. पहाटेची जाग, घटलेलं वजन, आंघोळीचा कंटाळा हेही तिकडेच झुकतं. मात्र एकच प्रश्न तीनदा विचारणं नीट तपासून घ्यायला हवं. दोन्ही एकत्र असू शकतात. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी पुढच्या डिमेन्शियाची सुरुवात असते, म्हणून उपचारांनी मन सावरल्यावर स्मरणशक्ती पुन्हा तपासतात.

ते २१ गुण विसरा. शोक, झोप नाही, समोर मुलगी परीक्षक. अशा वेळी कुणाचेही गुण कमी पडतील.

थायरॉइड, बी १२, सोडियम, साखर यांच्या रक्ततपासण्या आणि कानांची तपासणी करून घ्या. ऐकूच न आलेली गोष्ट विसरल्यासारखी वाटते. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, चिठ्ठीशिवाय घेतलेलीसुद्धा. झोपेच्या, ॲलर्जीच्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला चांगलाच गोंधळात टाकतात.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून केली तरी चालेल, गरज वाटली तर ते न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील.

आता एक गोष्ट, जी तुम्ही "म्हणतेच आहे" म्हणून उडवून लावलीत. "माझं काय काम उरलंय." याला सवयीचं बोलणं समजू नका. आज संध्याकाळी शांतपणे, सरळ विचारा, जगणं नकोसं वाटतं का, स्वतःला काही करून घ्यावंसं मनात येतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच घेऊन निघा.

धागाकर्ती: काल रात्री विचारलं. माझाच आवाज फुटत नव्हता. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "करून घ्यायचं असं काही नाही गं. पण झोपेत संपलं तर बरं, असं वाटतं." हे ती गेले कित्येक आठवडे मनात घेऊन फिरत होती. नंतर मात्र बोलत राहिली, बाबांबद्दल, पहिल्यांदाच इतकं.

आणि औषधांच्या पिशवीचं निघालं ते असं. बाबांच्या शेवटच्या दिवसांतल्या झोपेच्या गोळ्यांच्या पट्ट्या तिच्या उशाच्या खणात होत्या. चार महिन्यांपासून रोज एक घेते, कधी दोन. "तुला सांगितलं असतं तर काढून घेतल्या असत्यास." घ्यायच्याच होत्या, पण सगळ्या एकदम बंद केल्या तर चालेल का?

निवांत७१: नाही, एकदम बंद नको. रोजची सवय झालेली अशी गोळी अचानक थांबवली तर झोप पार उडते, अस्वस्थपणा वाढतो, क्वचित फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू कमी करतात. पट्ट्या मात्र आजच तुमच्याकडे, कुलपात. रोजची गोळी तुमच्या हातून, एकच. डॉक्टरांना आजच फोन करून त्यांचं ते वाक्य आणि या गोळ्या, दोन्ही सांगा आणि लवकरात लवकरची वेळ मागा. या गोळ्यांनीही स्मरणशक्ती मंदावते, त्यामुळे विसराळूपणाचा किती वाटा त्यांचा हे नंतर कळेल. दरम्यान ते वाक्य बदललं, "करून घेईन"कडे झुकलं, तर वेळेची वाट बघू नका.

धागाकर्ती: फोन केला, उद्या सकाळची वेळ मिळाली. "झोप लागत नाही त्यासाठी जाऊया" म्हटल्यावर लगेच तयार झाली, स्मरणशक्तीचं नावही काढलं नाही. भावाला व्हिडिओ कॉलवर तासभर बसवलं, आता तो गप्प आहे. एकच विचारायचं राहिलं. डॉक्टरांसमोर तिच्यादेखत हे सगळं सांगायचं का? तिला चहाडी केल्यासारखं वाटेल.

काठावरचा: आम्ही एका कागदावर लिहून आत जायच्या आधीच पाठवलं होतं. तारखांसकट. बाहीचंही लिहा.